लढतींचे कारखाने

व्हिडिओ गेमच्या सगळ्या प्रकारांत हाणामारीच्या गेमइतका आटोपशीर प्रकार दुसरा नाही. पडद्यावर दोन लढवय्ये समोरासमोर, वर दोघांच्या जिवाच्या दोन पट्ट्या, मधोमध उलटं पळणारं घड्याळ. इथे नकाशा हिंडायचा नसतो की खजिना शोधायचा नसतो. आपली पट्टी रिकामी व्हायच्या आत समोरच्याची रिकामी करायची, बस्स. आणि तरीही हा प्रकार बनवताना भल्याभल्या कंपन्यांना घाम फुटतो. काहींचं तर दिवाळं निघालं आहे. ते का, याचा शोध हे पुस्तक घेतं.

पुढच्या प्रकरणांत एकेका कंपनीची हकिकत स्वतंत्रपणे येईल. प्रस्तावनेत वाचकाच्या हाती एकच सूत्र द्यायचं आहे. हाणामारीचा गेम कंपनी एकटीने घडवत नाही. तो कंपनी आणि खेळणारा यांच्यामध्ये घडतो, आणि कंपनीला पैसा ज्या वाटेने मिळतो, ती वाट गेमचं रूप ठरवते. नाण्यावर चालणारा गेम एका तऱ्हेने लढतो, दुकानातून विकत आणलेला दुसऱ्या तऱ्हेने, फुकट डाउनलोड केलेला तिसऱ्या. हे सगळं रायगडच्या किनाऱ्यावरून फार स्वच्छ दिसतं. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनचा हा पट्टा गेम बनवणाऱ्यांचा नाही, खेळणाऱ्यांचा. ओसाका, टोकियो आणि शिकागोत ठरलेल्या व्यापाराच्या प्रत्येक चालीचा शेवट इथल्या एखाद्या गाळ्यात, एखाद्या टीव्हीसमोर किंवा मोबाइलवर झाला आहे.

सुरुवात नाण्यापासून करू. जपानमधल्या ओसाका शहरातल्या कॅपकॉम कंपनीने 1987 साली ‘स्ट्रीट फायटर’ काढला. ताकाशी निशियामा आणि हिरोशी मात्सुमोतो या दोघांनी तो घडवला आणि लवकरच दोघेही ओसाकाकडच्याच एसएनके या कंपनीत गेले. मागे राहिलेल्या कॅपकॉमने अकिरा निशितानी आणि अकिरा यासुदा यांच्या हाती दुसरा भाग सोपवला. 1991 साली आलेला ‘स्ट्रीट फायटर 2’ हा या सगळ्या धंद्याचा पाया. निवडायला आठ लढवय्ये, एक जॉयस्टिक, सहा बटणं. त्याच वर्षी एसएनकेने निशियामांच्या हातचा ‘फेटल फ्युरी’ बाजारात आणला. म्हणजे पुढची दहा वर्षं एकमेकींच्या उरावर बसलेल्या दोन कंपन्यांचं मूळ एकाच टेबलावर होतं.

यातला व्यवहार नीट पाहण्यासारखा आहे. एकटा खेळणारा मुलगा एका नाण्यावर बराच वेळ यंत्र अडवून ठेवतो. दोघे एकमेकांशी भिडले की दोन-तीन मिनिटांत एक जण हरतो, आणि हरलेला पुन्हा नाणं टाकतो. पार्लरवाल्याला हेच हवं होतं, म्हणून कंपनीलाही हेच हवं होतं. पण हरलेल्याने पुन्हा नाणं टाकावं यासाठी एक अट होती. हार यंत्राच्या लबाडीने झाली असं त्याला वाटता कामा नये. ‘माझंच चुकलं, आता दाखवतो’ असं वाटलं तरच हात खिशाकडे जातो. हाणामारीच्या गेममधला न्याय कुण्या तत्त्वज्ञाच्या डोक्यातून आलेला नाही. तो गल्ल्यातून आला.

हा न्याय मोजायचं माप फार बारीक आहे. पडद्यावर सेकंदाला 60 चित्रं उमटतात. प्रत्येक ठोशाचे तीन तुकडे पाडलेले असतात : हात उचलण्याचा, लागण्याचा आणि मागे घेण्याचा. झटपट ठोसा लागायला तीन-चार चित्रं पुरतात. मोठी लाथ बसायला दहाच्या वर लागतात, आणि ती हुकली की मारणारा बराच वेळ उघडा पडतो. कुठल्या हालचालीला किती चित्रं द्यायची हे ठरवणं, हेच या कंपन्यांचं खरं काम. एका लढवय्याच्या एका लाथेतलं एक चित्र कमी केलं, तर बाकी सगळ्यांशी होणाऱ्या त्याच्या लढतींचा तोल ढळतो. ‘स्ट्रीट फायटर’मधल्या रियूचा निळा गोळा सोडायला जॉयस्टिक खाली, मग खाली-पुढे, मग पुढे अशी फिरवून ठोशाचं बटण दाबावं लागतं. पार्लरमधली पोरं हे मनगटाने शिकत. मागे उभं राहून दुसऱ्याचा हात बघायचा, पडद्याकडे नाही, ही त्या शाळेची पद्धत.

कधी कधी तर खेळणाऱ्यांच्या हाती लागलेली मोठी गोष्ट कंपनीने मुळात आखलेलीच नव्हती. ‘स्ट्रीट फायटर 2’मध्ये गाडी फोडण्याची एक बोनस फेरी आहे. तिची चाचणी घेताना निर्माते नोरिताका फुनामिझु यांच्या लक्षात आलं की एका ठोशाला दुसरा ठोसा नेमक्या क्षणी जोडला तर मध्ये फटच राहत नाही. होती ती रचनेतली चूक. पण साधायला इतकी अवघड की कुणाला फारशी सापडणार नाही, अशा हिशेबाने ती राहू दिली गेली. खेळणाऱ्यांनी ती शोधली, घासूनपुसून धारदार केली, आणि आज ‘कॉम्बो’शिवाय या प्रकाराची कल्पनाही करता येत नाही.

एसएनकेने दुसऱ्या अंगाने बाजी मारली. 1990 साली तिने निओ जिओ यंत्रणा आणली. तिच्या पार्लरमधल्या यंत्रात कार्ट्रिज बदलता येत असे. नवा गेम आला म्हणून अख्खी पेटी बदलायची गरज नाही. श्रीमंत शहरांना ही फक्त सोय होती. छोट्या गावातल्या मालकाला तो जीवनमरणाचा प्रश्न होता. पुढे नकली बोर्डांचा सुळसुळाट झाला आणि ‘किंग ऑफ फायटर्स 97’ भारतातल्या तालुक्यातालुक्यांत पोचला. त्याच्या शेजारच्या पेटीवर हमखास ‘मुस्तफा’ असायचा. कॅपकॉमचा हा 1993 सालचा गेम. खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, पण त्यातल्या मुस्तफा या पात्राच्या नावानेच तो आपल्याकडे ओळखला गेला. समोरासमोरच्या लढतीचा नव्हे, रस्त्याने मारत पुढे जायचा हा गेम. तरी आपल्याकडच्या कित्येकांचा हाणामारीच्या गेमशी पहिला परिचय त्यानेच करून दिला.

एसटी स्टँडच्या आसपासच्या गाळ्यात, दाराला गडद पडदा, आत दोन-तीन पेट्या आणि कोंडलेला घाम, असं त्या पार्लरचं चित्र सगळ्या कोकणात सारखंच. किनाऱ्यावर त्यात खाऱ्या हवेची भर. बटणाखालचे पत्र्याचे कॉन्टॅक्ट पावसाळ्यात गंज धरत, मग जॉयस्टिक डावीकडे जाईना. मालक पेटीचं झाकण उघडून पॉलिश पेपरने ते घासून देई, आणि तेवढ्या वेळात पेटीच्या कडेवर ठेवलेल्या नाण्यांची रांग वाढत जाई. नाणं ठेवलं म्हणजे नंबर लागला. कुठल्या पेटीची कुठली बाजू निकामी आहे हे नेहमीच्या पोरांना पाठ असे, आणि नवख्याला ते बरोबर त्याच बाजूला उभं करत. ओसाकाच्या अभियंत्यांनी चित्राच्या मापाने बसवलेला न्याय रायगडच्या दमट हवेत असा अर्धाच पोचत होता.

शिकागोची मिडवे कंपनी याच नाण्यामागे निराळ्या वाटेने गेली. 1992 चा ‘मॉर्टल कॉम्बॅट’ एड बून, जॉन टोबायस, जॉन व्होगेल आणि डॅन फॉर्डन अशा चौघांच्या चमूने उभा केला. चित्रं काढण्याऐवजी खऱ्या माणसांच्या हालचाली कॅमेऱ्यात टिपून पडद्यावर आणल्या आणि वर रक्ताचा सडा घातला. डिसेंबर 1993 मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये यावर सुनावण्या झाल्या आणि 1994 साली तिथे गेमना वयानुसार वर्गवारी देणारी व्यवस्था आली. आज गेमच्या वेष्टनावर दिसणारं वयाचं चिन्ह हे त्या रक्ताचं देणं. मिडवेचं पुढे 2009 साली दिवाळं निघालं, वॉर्नर ब्रदर्सने मालमत्ता घेतली, आणि 2010 मध्ये त्याच माणसांचा नेदररेल्म स्टुडिओ उभा राहिला. एसएनकेही 2001 साली बुडाली आणि वेगळ्या नावाने वर आली. कंपनी मरते, लढवय्ये वाचतात, असा हा धंदा आहे.

दुसरी वाट दुकानाची. 1993 साली सेगाच्या यु सुझुकी यांनी ‘व्हर्च्युआ फायटर’मध्ये लढवय्यांना लांबी-रुंदीबरोबर खोलीही दिली. त्या कामावरचे सेइची इशी नामकोत गेले आणि 1994 साली ‘टेकन’ आला. दोन हात, दोन पाय, चार बटणं : इतकी सरळ मांडणी की पहिल्यांदा हात लावणाऱ्यालाही काहीतरी जमून जातं. 1998 मध्ये ‘टेकन 3’ प्लेस्टेशनवर घरी आला, आणि धंद्याचं गणित पालटलं. नाणं आता एकदाच पडणार होतं, तेही मोठं. तेव्हा गिऱ्हाइकाला पैसे वसूल झाल्यासारखं वाटायला हवं. म्हणून घरच्या आवृत्तीत रस्त्यावरच्या टोळ्यांशी लढायचा वेगळा भाग आला, चेंडूने एकमेकांना मारायचा खेळ आला, गॉन नावाचा छोटा डायनोसॉर आला. पार्लरचा गेम सडपातळ होता. दुकानाचा गेम अंगाने भरला.

किनाऱ्यावर हा काळ उतरला तो बहुतेक सुटकेसमधून. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुडकडची कित्येक घरं आखाती देशांतल्या नोकऱ्यांवर उभी आहेत. सुटीवर आलेल्या मामाने किंवा चाचाने आणलेलं प्लेस्टेशन म्हणजे सबंध वाडीचं प्लेस्टेशन. सीडी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, अर्थातच नकली. मूळ कंपनीच्या वहीत या खेळणाऱ्यांची नोंद शून्य, कारण त्यांच्याकडून तिला छदामही मिळाला नाही. याचा परिणाम आजवर टिकला आहे. जो पैसे देत नाही त्याचं मत विचारलं जात नाही, आणि त्याचं रूप दुसराच कुणीतरी कल्पनेने रंगवतो.

धालसिम हे त्याचं उत्तम उदाहरण. ‘स्ट्रीट फायटर 2’मधला हा भारतीय योगी गळ्यात कवट्या घालतो, तोंडातून आग ओकतो आणि हातपाय रबरासारखे लांबवतो. त्याच्या लांब हातांचं मूळ भारतात नाही. हाँगकाँग-तैवानकडच्या 1976 सालच्या एका कुंग फू चित्रपटातल्या योग्यात आहे. पुढे निशितानी यांनी स्थापन केलेल्या अरिका कंपनीच्या ‘स्ट्रीट फायटर ईएक्स’मध्ये दारुण मिस्टर नावाचा भारतीय पैलवान आला. तो निदान कुस्तीच्या जवळचा. पण ढाक, कलाजंग, धोबीपछाड, एकेरी पट या डावांचा अख्खा खजिना असलेल्या, 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांनी पदक आणलेल्या महाराष्ट्राची कुस्ती या मोठ्या कंपन्यांच्या मालिकांत आलेली नाही. ती आणायची तर ती माहीत असलेल्यांनीच.

आता तिसरी वाट, आणि इथे महाराष्ट्र प्रत्यक्ष रिंगणात येतो. विशाल गोंडल यांनी 1999 साली मुंबईत इंडियागेम्स सुरू केली. मोबाइल तेव्हा बटणांचे होते. कित्येक फोनवर एका वेळी एकच बटण ओळखलं जाई, म्हणजे उडी मारता मारता लाथ मारणं मुश्किल. अशा अवस्थेत कंपनीने ब्रूस लीच्या नावाचे गेम काढले. 2007 मध्ये यूटीव्हीने ती घेतली, आणि यूटीव्हीबरोबर ती पुढे डिस्नीच्या छत्राखाली गेली.

पण अस्सल समोरासमोरच्या लढतीचा, जगभर खेळला गेलेला आपल्याकडचा गेम म्हणजे ‘रिअल स्टील’. रिचर्ड मॅथेसन यांच्या 1956 च्या कथेवर आधारलेला याच नावाचा हॉलिवूडपट 2011 साली आला. तो काढणाऱ्या ड्रीमवर्क्समध्ये रिलायन्सचं भांडवल होतं, म्हणून मोबाइल गेमचे हक्क घरातच मिळाले. रिलायन्सच्या गेम विभागाने, पुण्यातल्या कारागिरांच्या बळावर, आधी चित्रपटाबरोबरचा गेम आणि 2013 मध्ये ‘रिअल स्टील वर्ल्ड रोबोट बॉक्सिंग’ काढला. तो कोट्यवधी फोनवर उतरला. अ‍ॅटम आणि झ्यूस ही रोबोटांची नावं पुण्याची-रोह्याची पोरं घरच्यासारखी घेऊ लागली.

रोबोटांची निवड या धंद्यात किती सोयीची होती ते पाहा. रोबोटाला रक्त नाही, म्हणून वयाची अडचण नाही. तो ताठर चालला तरी खटकत नाही, म्हणून माणसाच्या अंगातली लवचीकता चित्रात आणायचा खर्च वाचतो. फुटलेला पत्रा दाखवला की मार दिसतो. काचेच्या पडद्यावर अंगठ्याला बटणाचा स्पर्श लागत नाही. त्यामुळे अवघड फिरकीऐवजी हलका ठोसा, भारी ठोसा, बचाव एवढ्यावर भागवलं. ही काटकसर अक्कलहुशारीची होती.

अडचण दुसरीकडे आहे. गेम फुकट, मग पैसे कुठून? जाहिरातीतून, आणि रोबोटाची ताकद वाढवून देण्यातून. इथे लढतीचा पायाच सरकतो. पार्लरमध्ये गरिबाचं आणि श्रीमंताचं नाणं एकाच किमतीचं, दोघांचा रियू तितक्याच जोराचा. फुकटच्या गेममध्ये ज्याने आधी पैसे किंवा दिवस ओतले, त्याचा रोबोट दुसऱ्याच्या कौशल्याला दाद देत नाही. असे गेम चांगले चालतात आणि कमावतातही. पण वीस वर्षं एकमेकांशी भिडणारे खेळाडू त्यातून तयार होत नाहीत, आणि हाणामारीच्या गेमची कंपनी उभी राहते ती अशाच खेळाडूंच्या जिवावर.

खर्चाचा अंदाज हवा असेल तर एक आकडा पुरे. ‘स्कलगर्ल्स’ या छोट्या अमेरिकी गेमच्या चमूने 2013 मध्ये लोकांकडे वर्गणी मागितली : फक्त एक नवी लढवय्यी घडवायला 1,50,000 डॉलर. प्रत्येक हालचाल हाताने काढायची, आवाज भरायचा, मग महिनोन्‌महिने तोल तपासायचा, असा हिशेब त्यांनी उघड मांडला. लोकांनी मागितल्याच्या पाचपटीहून अधिक दिलं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2017 साली ‘राजी’साठी अशीच झोळी पसरली, तेव्हा ती भरली नाही. त्या चमूतल्या श्रुती घोष यांनी स्वतःचं घर विकून काम चालू ठेवलं, आणि 2020 मध्ये गेम जगापुढे आला. ‘राजी’ हा समोरासमोरच्या लढतीचा गेम नव्हे, पण त्यातली हातघाई पाहिली की पुण्यातल्या हातांना हे काम जमतं याबद्दल शंका उरत नाही. कमी पडतो तो धीराचा पैसा.

चौथी वाट तारांमधून जाते. लांबच्या दोघांनी लढायचं तर एकाचा ठोसा दुसऱ्याच्या पडद्यावर पोचायला वेळ लागतो. मुंबई ते सिंगापूर आणि परत, साधारण 60 मिलिसेकंद. म्हणजे जवळपास चार चित्रं. जिथे तीन चित्रांत ठोसा बसतो तिथे हा उशीर जीवघेणा. यावरचा उपाय कुठल्या बड्या कंपनीने काढला नाही. टोनी कॅनन या खेळाडूनेच 2006 मध्ये तो लिहिला : समोरचा काय करेल याचा अंदाज बांधून चित्र पुढे न्यायचं, अंदाज चुकला तर क्षणात मागे जाऊन दुरुस्त करायचं. कंपन्यांना हे पचायला दहा-बारा वर्षं लागली. रायगडच्या दृष्टीने यात एक ताजी गोष्ट आहे. 2020 साली पनवेलला योट्टा कंपनीचं मोठं डेटा सेंटर सुरू झालं. यंत्र जितकं जवळ तितका उशीर कमी. अलिबागच्या मुलाचा ठोसा आता सिंगापूरला जाऊन परत यायलाच हवा असं नाही.

आणि खेळाडू? लाहोरच्या अर्सलान अ‍ॅशने 2019 मध्ये ‘टेकन 7’ची जपान आणि अमेरिका अशा दोन्हीकडची ईव्हो स्पर्धा जिंकली, तेव्हा जग चकित झालं. आपल्यासारख्याच पार्लरांतून, आपल्यासारख्याच विजेच्या लपंडावात तो घडला होता. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 2023 मध्ये ‘स्ट्रीट फायटर 5’ला पदक होतं आणि भारताचे खेळाडू त्यात उतरले होते. पुढची गोष्ट आणखी गमतीची. 1996 साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या याच ईव्होतला सोनीचा हिस्सा 2025 मध्ये गुरुग्रामच्या नॉडविन गेमिंगने घेतला. या नॉडविनमध्ये मुंबईच्या नझारा टेक्नॉलॉजीजने 2018 पासून मोठी गुंतवणूक केलेली. म्हणजे आखाड्यात तेव्हा आपला हिस्सा आला; त्यात उतरणारा पैलवान अजून परक्या कारखान्यातला.

त्याच 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या नव्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सना वेगळी मान्यता मिळाली. झटपट कमाईची एक मोठी वाट बंद झाली. आता गेमच्या धंद्यात राहायचं तर गेम बनवावे लागतील, आणि त्यासाठी रायगडच्या किनाऱ्यावर डोळ्यांसमोर एक धडा आहे : कबड्डी. अलिबाग, पेण, उरणकडे गावोगाव मंडळं आहेत, रात्री प्रकाशझोतात स्पर्धा होतात, कडेला बसलेली म्हातारी माणसं पंचाच्या निर्णयावर तावातावाने बोलतात. 30 सेकंदांची चढाई, बोनस, लोण हे नियम अशा मैदानांवर घासले जाऊन पक्के झाले. प्रो कबड्डी 2014 मध्ये आली, पण खेळाडू त्याच्या कितीतरी आधीपासून तयार होत होते. हाणामारीच्या गेमचंही असंच आहे. आधी मैदान, मग लीग. मैदान वगळून लीग काढणाऱ्याच्या हाती जाहिरातीचे फलक तेवढे उरतात.

म्हणून या पुस्तकातल्या कंपन्यांच्या यशापयशाकडे वाचकाने फायद्या-तोट्याच्या यादीसारखं पाहू नये. कॅपकॉम तगली ती खेळणाऱ्यांना सापडलेली चूक पोटात घालून. एसएनके पोचली ती गरीब मालकाला परवडेल असं यंत्र देऊन. नामकोने पहिल्याच दिवशी नवख्याला जिंकल्याचा आनंद दिला. पुण्याच्या रोबोटांनी दाखवलं की इथे कौशल्य आहे, आणि फुकटच्या गणिताने दाखवलं की ते कुठे अडकतं. उद्या कुणी कुस्तीचा किंवा मर्दानी खेळाचा गेम काढणार असेल, तर अर्धा तयार गेम घेऊन त्याने पेणच्या, मुरुडच्या पोरांपुढे बसावं, शिव्या खाव्यात, चित्रं मोजावीत, आणि पुढच्या महिन्यात परत यावं. खेळणारे इथे आहेत, सर्व्हर पनवेलला आहे, कारागीर पुण्यात आहेत. पैसे लावणाऱ्याने पहिल्या वर्षाऐवजी पाचव्या वर्षाचा हिशेब मागितला, तर या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत एक प्रकरण नक्की वाढेल.

— अलिबाग